तेहतीस नाणी आणि उरलेला एक पैसा

तीन पैशांची तेहतीस नाणी एकावर एक रचली की नव्व्याण्णव पैसे होतात. रुपयाला एक पैसा कमी पडतो. चौतिसावे ठेवावे तर दोन पैसे जास्त होतात. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी सुरू झाली. रुपयाखालची एक, दोन, पाच, दहा, वीस, पंचवीस, पन्नास अशी जी नाणी पाडली गेली, त्या प्रत्येकाने रुपयाला नि:शेष भाग जातो. अपवाद फक्त तीन पैशांच्या नाण्याचा. ते १९६४ साली आले आणि १९७१ नंतर त्याच्यावर साल उमटले नाही. आठ सालांचे हे नाणे या पुस्तकाचा नायक आहे.

माझी नोकरी बँकेच्या रोख खिडकीवर गेली. चिल्लरच्या पिशव्या सोडायच्या, थप्प्या लावायच्या, मोजून पुन्हा बांधायच्या. मी कामाला लागलो तेव्हा तीन पैशांचे नाणे पाडणे थांबून काही वर्षे झाली होती, पण एखाद्या देवळाच्या दानपेटीची पिशवी उघडली की त्यात ते हमखास सापडे. दहा-दहाच्या थप्प्यांत ते बसत नसे, म्हणून आम्ही ते बाजूला काढून ठेवत असू. रोज बाजूला पडणाऱ्या वस्तूकडे माणसाचे लक्ष जातेच. हे नाणे मुळात काढलेच का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

आज मी खराडीत राहतो. चौकातल्या चहाच्या गाडीवर पैसे दिले की एक छोटा डबा रक्कम मोठ्याने वाचून दाखवतो आणि चहावाला मान वर न करता पुढचा कप भरतो. सुट्ट्यांचा प्रश्न येत नाही, मोड द्यायची नसते. समोर इऑन आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आहेत. तिथे काम करणाऱ्या पंचविशीतल्या मुलांना मी खिशातले षटकोनी नाणे दाखवतो, तेव्हा बहुतेकांना ते खेळण्यातले वाटते. हीच खराडी तीन पैशांचे नाणे चालत होते तेव्हा हवेली तालुक्यातले मुळा-मुठेकाठचे शेतकऱ्यांचे गाव होती. पुणे महानगरपालिकेत ती आली १९९७ साली. गावठाणातल्या वयस्कर माणसांशी बोलताना मला एक गोष्ट पुन:पुन्हा जाणवली. त्यांना नाण्याची किंमत आठवते त्याआधी त्याचा स्पर्श आठवतो. 'हलकं होतं, वाऱ्यानं उडंल असं,' हे वाक्य मी वेगवेगळ्या घरांत जवळजवळ याच शब्दांत ऐकले.

या विषयात जो वाचक नवा आहे, त्याने आधी जुना हिशेब समजून घ्यायला हवा. त्याशिवाय तीन पैशांच्या नाण्यातली गंमत हाती लागत नाही.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. शाळेत ही कोष्टके घोकून घेत, पण बाजारातल्या माणसाला घोकायची गरज नव्हती, कारण ही सारी पद्धत निम्मे करण्यावर उभी होती. रुपयाचे निम्मे अधेली, तिचे निम्मे पावली, तिचे निम्मे चवली, तिचे निम्मे आणा, त्याचे निम्मे अर्धा आणा म्हणजे दोन पैशांचा ढब्बू, आणि त्याचे निम्मे पैसा. भाकरी अर्धी करावी, ती अर्धी पुन्हा अर्धी करावी, तसा हा हिशेब. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते त्याच्याही बोटांना तो येत होता. आपल्या भाषेने तो हिशेब अजून सोडलेला नाही. काम सोळा आणे झाले असे आपण म्हणतो, पै न पै चुकती करतो, चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला लावतो. पै १९४२ नंतर पाडली गेली नाही, पण वाक्प्रचारात ती आजही चलनात आहे.

१९५५ साली नाणे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९५७ पासून रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. शंभराला निम्मे करत जा: पन्नास, पंचवीस, आणि पुढची पायरी साडेबारा. इथेच जुन्या हिशेबाचा पाय मोडला. आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे झाले आणि सव्वासहाचे नाणे कुणीच पाडू शकत नव्हते. म्हणून सरकारने रूपांतराचे कोष्टक दिले. एक आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. दुकानांच्या भिंतींवर ही कोष्टके चिकटलेली असत. एकेक आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर चोवीस नये पैसे पडत, एकदम चार आण्यांची घेतली तर पंचवीस. तसेच एकदम तीन आण्यांची घेतली तर एकोणीस, आणि एकेक आण्याने तीनदा घेतली तर अठरा. हा एक पैसा कोण सोसणार, गिऱ्हाईक की दुकानदार, यावर रोज घासाघीस चाले. जुनी आणि नवी नाणी काही वर्षे एकाच गल्ल्यात नांदत होती, त्यामुळे गोंधळ लवकर मिटला नाही.

या कोष्टकात अर्ध्या आण्यापुढे आकडा होता तीनचा. १९५० पासून अर्ध्या आण्याचे चौकोनी, गोलसर कोपऱ्यांचे, बैलाचे चित्र असलेले नाणे लोकांच्या हातात होते. ते पाडणे थांबले, पण अर्ध्या आण्याच्या किमती काही थांबल्या नाहीत. भाजीची जुडी, विड्याचे पान, मुलांच्या गोळ्या यांचे भाव अर्ध्या आण्याच्या पायऱ्यांवरच चढत-उतरत राहिले. १ जून १९६४ पासून 'नये पैसे' हा शब्द जाऊन नुसते 'पैसे' राहिले आणि त्याच साली तीन पैशांचे नाणे आले. माझ्या मते हे नाणे म्हणजे नव्या पोशाखात परत आलेला अर्धा आणा. दशमानाच्या हिशेबात तीनला जागा नाही. एक, दोन आणि पाच एवढ्यावर सगळे भागते. तीन लागतो तो फक्त ज्यांच्या मनात अजून आणा आहे त्यांना. कागदावर दशमान पूर्ण लागू झाल्यावर सात वर्षांनी हे नाणे यावे, यावरून मनातले दशमान किती सावकाश आले ते दिसते.

दुसरे कारण धातूचे होते. तांबे फारसे देशात निघत नव्हते, निकेल तर बाहेरूनच येई, आणि परकीय चलनाची ओढाताण होती. अॅल्युमिनियम मात्र आपल्याकडे तयार होत होते. स्वतंत्र भारताच्या छोट्या नाण्यांचे अॅल्युमिनियमकडे जे स्थलांतर झाले, त्याची सुरुवात तीन पैशांच्या नाण्यापासून झाली. त्यानंतर १९६५ मध्ये एक आणि दोन पैसे, १९६७ मध्ये पाच पैसे, १९७१ मध्ये दहा पैसे याच वाटेने गेले. एखाद्या रुळलेल्या नाण्याचा धातू बदलला तर लोक जुन्याशी तुलना करतात आणि नवे नाकारतात. तीन पैशांना दशमानात पूर्वज नव्हता. नव्या धातूची परीक्षा घ्यायला यापेक्षा सोयीचे नाणे मिळाले नसते.

षटकोनी आकार, २१ मिलिमीटर रुंदी, वजन फक्त सव्वा ग्रॅम. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला ठळक ३. आकार मुद्दाम वेगळा होता, कारण अंधारात, गर्दीत, न वाचता येणाऱ्याला बोटांनी ओळखू यावे: एक पैसा चौकोनी, दोन पैसे नागमोडी कडांचे, तीन पैसे सहा कडांचे. पण या नाण्याने एक जुनी पारख मोडली. आपल्याकडे नाणे वाजवून घेत. चांगल्या माणसालाही आपण खणखणीत नाणे म्हणतो. अॅल्युमिनियम दगडावर आपटले तर बद्द वाजते. सराफकट्ट्यावर ज्यांचे कान तयार झाले होते त्यांना हे नाणे नाणेच वाटले नाही, आणि मुलांनी ते हलक्या हाताने पाण्यावर आडवे ठेवून तरंगवले.

मग ते संपले कसे? सरळ उत्तर महागाई. दोन युद्धे, दुष्काळ, जून १९६६ मधले अवमूल्यन, आणि चढत गेलेले भाव. अर्ध्या आण्याच्या पायऱ्या झिजून सपाट झाल्या. ज्या वस्तूला तीन पैसे पडत होते तिला पाच पडू लागले आणि पाचाचे नाणे तयारच होते. एका पिढीने आण्यात विचार करणे सोडले, दुसरी दहात विचार करतच मोठी झाली. अगदी अखेरच्या वर्षांत मुंबई टांकसाळीने संग्राहकांसाठी काढलेल्या प्रूफ संचांत ते आरशासारखे चकचकीत होऊन बसले. बाजारात ज्याची गरज उरली नव्हती ते मखमलीत गेले. कायद्याने मात्र ते आणखी चाळीस वर्षे जिवंत होते. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली, तेव्हा कुठे ते अधिकृतपणे गेले. पन्नास पैशांखालची नाणी एका व्यवहारात एक रुपयापर्यंतच देता येतील अशी कायद्याची मर्यादा होती. म्हणजे तीन पैशांची जास्तीत जास्त तेहतीस नाणी. तो एक पैसा कायद्यातही उरतोच.

अल्पायुषी नाण्यांची ही जात जुनी आहे आणि आपल्या भागात तिचे नमुने भरपूर आहेत. मुंबईत जेराल्ड ऑंजियरच्या काळात, १६७२ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने टांकसाळ सुरू केली आणि चांदीची अँग्लिना, तांब्याचे कॉपरून आणि कथिलाचे टिनी अशी नाणी पाडली. चांदीच्या नाण्यावर अक्षरे लॅटिन होती. कोकणातल्या आणि देशावरच्या व्यापाऱ्याला ती ओळखीची नव्हती आणि अशा नाण्यांना बंदराबाहेर मान मिळाला नाही. पुढे कंपनीला मुघली वळणाचा, फारसी अक्षरांचा रुपया पाडावा लागला, तेव्हा तो चालला. याच सुमाराला, १६७४ च्या राज्याभिषेकानंतर, शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई निघाली. देवनागरी अक्षरांची ती साधी शिवराई पुढची दोन शतके खेड्यापाड्यांत फिरत राहिली. सोन्याचा होन मात्र आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच सापडतो. नाणे कोणी काढले यापेक्षा ते कोणाच्या बाजारात बसले यावर त्याचे आयुष्य ठरते, हे या दोन उदाहरणांतून जेवढे कळते तेवढे दहा ग्रंथांतून कळणार नाही.

पहिल्या महायुद्धाने आपल्याला पंधरा रुपयांचे नाणे दिले. चांदी महागली, रुपये कमी पडू लागले, आणि मुंबईत सोने होते. १९१८ साली मुंबई टांकसाळीने पंधरा रुपयांची सोन्याची मोहर पाडली. वजनाने आणि कसाने ती हुबेहूब इंग्रजी सॉव्हरिनएवढी, फक्त अंगावर 'पंधरा रुपये' लिहिलेले. त्याच साली लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा मुंबईत उघडली, खुद्द सॉव्हरिन पडू लागले, आणि १९१९ मध्ये ती शाखा बंदही झाली. पंधरा रुपयांच्या मोहरेवर १९१८ हे एकच साल आहे. १९२० मध्ये सरकारने सॉव्हरिनचा भाव दहा रुपये ठरवला आणि मोहरेवरचा आकडा तिच्याच सोन्याशी विसंगत झाला. किंमत धातूत असते की शिक्क्यात, या जुन्या वादाला यापेक्षा स्पष्ट साक्षीदार मला माहीत नाही. त्याच टंचाईतून तांबे-निकेलची आठ आण्यांची नाणी १९१९-२० मध्ये निघाली. चांदीऐवजी हलका धातू वापरल्याने बनावट नाण्यांना ऊत आला आणि १९२४ साली सरकारने ती मागे घेतली.

दुसऱ्या महायुद्धातला भोकाचा पैसा अनेकांच्या घरी अजून असेल. १९४३ पासून १९४७ पर्यंत पडलेला, मधोमध भोक पाडून तांबे वाचवणारा, आधीच्या पैशाच्या निम्म्याहूनही हलका. दोऱ्यात ओवून कमरेला बांधायला तो सोयीचा होता, म्हणून लोकांना आवडला.

गोव्याचे उदाहरण माझ्या दृष्टीने सगळ्यांत बोलके आहे. पोर्तुगीजांनी १९५८ च्या सुमारास तिथला रुपया काढून एस्कुदो आणला. सहा एस्कुदो म्हणजे एक रुपया. नव्या नाण्यांवर आकडे कोणते? दहा, तीस आणि साठ सेंतावो. एक, तीन आणि सहा एस्कुदो. खुद्द पोर्तुगालच्या एस्कुदोत तीन आणि सहाची नाणी नव्हती. ती लागली गोव्यात, कारण फोंडा-मडगावच्या बाजारात माणसे रुपया आणि अर्धा रुपया मोजत होती. सहा एस्कुदो हा रुपयाच होता, तीन एस्कुदो ही अधेली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ती नाणी इतिहासजमा झाली. तीन वर्षांनी इकडे तीन पैशांचे नाणे आले. दोन सरकारे, दोन भाषा, पण नवा हिशेब जुन्यावर बसवताना दोघांच्याही हाती तीनच लागला.

सातासमुद्रापलीकडेही हेच दिसते. अमेरिकेत टपालाचा दर तीन सेंट झाला म्हणून १८५१ मध्ये तीन सेंटचे चांदीचे नाणे निघाले. तिथलेच वीस सेंटचे नाणे १८७५ ते १८७८ एवढेच टिकले, कारण पंचवीस सेंटच्या नाण्याशी लोक त्याची गल्लत करत. इंग्लंडचे तीन पेनीचे बारा बाजूंचे पितळी नाणे दशमानापुढे हरले आणि १९७१ मध्ये बाद झाले. आपले तीन पैसे पाडणे थांबले तेही १९७१ मध्येच. तीन पेनीच्या नावाचा ब्रेख्तचा संगीत खेळ पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणला आणि १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर उभा केला. तोवर तीन पैशांचे नाणे बाजारातून जवळपास नाहीसे झाले होते. नाटकाच्या नावाने त्याला जेवढे मराठी आयुष्य दिले तेवढे सरकारी टांकसाळीलाही देता आले नाही. दमडीला, पैला, आण्याला भाषेने सांभाळले. तीन पैशांवर म्हण नाही, वाक्प्रचार नाही. आहे ते हे एक नाव.

वीस पैशांचे पितळी नाणे, १९६८ ते १९७१, हा तीन पैशांचा सोबती. त्यावर कमळ होते, रंग सोन्यासारखा. व्यवहारात ते फारसे रुळले नाही, पण कमळामुळे अनेक घरांनी ते लक्ष्मीपूजनासाठी बाजूला ठेवले. पुढे १९८२ साली वीस पैसे अॅल्युमिनियमचे होऊन पुन्हा आले, तेही षटकोनी, जणू तीन पैशांचा थोरला भाऊ.

नाण्यांच्या अभ्यासाच्या वाटा आपल्याकडे निरनिराळ्या आहेत आणि नव्या वाचकाने त्या ओळखून घ्याव्यात. पहिली वाट राजवंशांची. नाण्यावरचे नाव वाचायचे आणि राजांचा क्रम लावायचा. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. एका साठ्याने पराभवाची आणि विजयाची साक्ष दिली. आपल्याकडे ग. ह. खरे यांच्यासारख्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या विद्वानांनी आणि नागपूरच्या अजय मित्र शास्त्रींनी या वाटेवर मोलाचे काम केले. दुसरी वाट टांकसाळींची आणि सूचींची. मराठ्यांच्या टांकसाळींवर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा ग्रंथ आहे. त्याच माहेश्वरींच्या आणि परमेश्वरीलाल गुप्तांच्या प्रयत्नांतून नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. संग्राहकांचे सारे शास्त्र याच वाटेने जाते: साल, टांकसाळीची खूण, मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा.

तिसरी वाट पुण्याची आहे आणि मी स्वतःला तिच्यावरचा नवखा प्रवासी मानतो. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. आहत नाण्यांवरच्या खुणा वाचण्यात इतर गुंतलेले असताना त्यांनी नाणी तराजूत घातली. हजारो नाणी, एकेक करून, काटेकोरपणे. नाणे जितक्या हातांतून जाते तितके झिजते. म्हणून जास्त फिरलेल्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि त्यांच्या वजनांतला आपापसातला फरक वाढत जातो. ही पद्धत बरोबर आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलली. ज्या नाण्यावर राजाचे नाव नाही त्याचा काळ झिजेवरून काढायचा. मला यातली एक गोष्ट मोठी वाटते. झीज ही राजाने घातलेली नसते. ती भाजीवालीच्या, हमालाच्या, शाळकरी पोराच्या बोटांची असते. नाण्याच्या एका बाजूला सरकार लिहिते, आणि दोन्ही बाजूंवर लोक हळूहळू आपले लिहितात.

मीही माझ्याजवळची तीन पैशांची नाणी सोनाराच्या काट्यावर तोलली. अॅल्युमिनियमची झीज चांदीसारखी नसते. ते खरवडले जाते, वाकते, त्याच्या कडा बोथट होतात. तरी पहिल्या वर्षांतली नाणी चांगलीच झिजलेली आणि शेवटची बऱ्यापैकी कोरी आहेत. जिथे आठ-दहा वर्षांचा वापर एवढ्या उघडपणे वाचता येतो, तिथे अल्पायुष्य ही अभ्यासकाला मिळालेली सवलतच आहे. शंभर वर्षे फिरलेल्या रुपयावर इतक्या गोष्टी एकमेकींवर चढलेल्या असतात की वेगळ्या काढता येत नाहीत.

हा विषय आत्ताच का हाती घ्यायचा, याची माझ्याजवळ तीन कारणे आहेत. ज्यांनी तीन पैसे देऊन काही विकत घेतले, ती माणसे आता साठीच्या पुढे आहेत. टांकसाळीच्या नोंदी राहतील, पण मोड नसताना दुकानदार काय देत असे, एका पैशाचा फरक कोण सोडत असे, हे सांगणारे राहणार नाहीत. दुसरे कारण अप्रिय आहे. जुनी नाणी लाखोंना विकत घेतो असे सांगून लोकांना लुबाडणारे वाढले आहेत, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्या नावाचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा द्यावा लागला. तीन पैशांची नाणी विपुल पडली होती. घरात सापडलेल्या साध्या, झिजलेल्या नाण्याने कोणी श्रीमंत होत नाही, हे या पुस्तकात मी ठिकठिकाणी स्पष्ट लिहिले आहे. कुणा वृद्धाची फसवणूक त्यामुळे टळली तरी माझे श्रम कारणी लागले असे मी समजेन.

तिसरे कारण खराडीतल्या त्या चहाच्या गाडीवर सापडले. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पैसा वस्तू म्हणून गेला, पण आकडा म्हणून परत आला. २०११ नंतर रोखीचा व्यवहार पन्नास पैशांवर आणावा लागत होता, आणि प्रत्यक्षात तो रुपयावरच येई. आता मोबाइलवरून कुणालाही सदतीस रुपये तीन पैसे पाठवता येतात. तीन पैसे पुन्हा देता येतात, फक्त हातावर ठेवता येत नाहीत. नाण्याविना हिशेब कसा चालतो हे आपण रोज अनुभवत आहोत, तेव्हा नाण्याने हिशेबाला काय वळण लावले होते हे विचारायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

हे पुस्तक सूची नाही. किमती, दुर्मिळता, प्रतवारी यांसाठी वाचकाने संग्राहकांच्या सूची पाहाव्यात, त्या चांगल्या आहेत. इथे मी एका छोट्या नाण्याचा माग काढत गेलो आहे: कायद्यापासून टांकसाळीपर्यंत, टांकसाळीपासून गल्ल्यापर्यंत, आणि गल्ल्यापासून देवळाच्या उंबऱ्यात ठोकलेल्या नाण्यापर्यंत. बाकीची अल्पायुषी नाणी त्याच्या सोबतीला येतात, कारण एकाचे कोडे दुसऱ्याने सुटते. काही प्रकरणे लांबली आहेत. आण्याच्या हिशेबाचे प्रकरण मी तीनदा कापले आणि तीनदा पुन्हा वाढवले. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. ज्याला निम्म्याने मोजणारे मन कळले नाही त्याला बाकीचे पुस्तक कळणार नाही. टांकसाळीतल्या यंत्रांवरचे प्रकरण मात्र छोटे आहे, आणि ते तसेच बरे आहे. खराडी, चंदननगर आणि नदीपलीकडच्या मुंढव्यातल्या ज्या माणसांनी मला वेळ दिला त्यांची नावे त्यांच्याच इच्छेने दिलेली नाहीत.

छायाचित्रे सगळी मूळ आकाराची छापली आहेत, मोठी करून नाही. नाणे तळहातावर केवढे दिसत असे ते वाचकाला कळावे एवढ्यासाठी. शेवटच्या पानावरचे नाणे गावठाणातल्या एका आजींचे आहे. १९६५ सालचे. त्यांच्या यजमानांनी खिळ्याने भोक पाडून ते सायकलच्या घंटीखाली वॉशर म्हणून बसवले होते. सायकल गेली, घंटी राहिली, आणि घंटीबरोबर नाणे. भोक नेमके ३ च्या वरच्या पोटात पडले आहे, त्यामुळे आकडा नीट वाचता येत नाही. सहा कडांवरूनच ओळखावे लागते.

खराडी, पुणे